दोन तांबे पाणी

अक्का, जावाजावांची भांडणं काय असतात ते पिंपळगाव रेणुकाईत राहून मी पोटभर ऐकलंय. आपल्या मागच्या घरातल्या दोघी तर चुलीतल्या राखेवरूनसुद्धा पदर खोचून उभ्या राहायच्या. आपलं मात्र उभ्या जन्मात एकच भांडण झालं, आणि त्यातही बोलले मी एकटीच. एकच वाक्य बोलले. तुम्ही त्याला उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पंचवीस वर्षांत कधीच नाही. आता तर तुम्ही गेलातच. काल तुमचा तेरावा झाला. पाहुणे पांगले, भांडी घासून झाली, आणि मी वही घेऊन बसले. तुम्ही मला सदा मास्तरीन म्हणून चिडवलंत. जे तोंडानं जमलं नाही ते मास्तरणीला लिहून जमतं का बघते.

मी त्या घरात आले तेव्हा एकवीस वर्षांची होते, राजूरच्या शाळेत नुकतीच लागलेली. तुम्ही थोरल्या जाऊबाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. मला वाटलं होतं, नोकरीवाली धाकटी म्हणून आता माझी हाडं दळणार ही बाई. तुम्ही पहिल्याच सोमवारी डबा हातात ठेवला आणि म्हणालात, "तू लेकरं शिकव, भाकरीचं मी बघते. पर जल्दी नीघ, यष्टी काय तुझ्या सासऱ्याची न्हाई." मी एसटीत बसून त्या वाक्यावर राजूर येईपर्यंत हसत होते. एवढं सरळ माणूस मी आधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, नंतरही फारसं पाहिलं नाही.

गावात तुमच्या हाताचं नाव होतं. कुणाच्या घरी लेकरू जन्मलं की तुम्हाला बोलावणं यायचं. पाय पसरून पाटावर बसायचं, लेकराला पायांवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, टाळू भरायची. "गयाबाईच्या हातावर लेकरू रडत न्हाई," असं बायका म्हणायच्या. तुम्ही त्याचं कधी काही घेतलं नाही. कुणी खण-नारळ दिला तर तो नेऊन देवीपुढं ठेवायच्या. मला दिवस गेले तेव्हा तुम्हाला माझ्याहून जास्त आनंद झाला, हेही मी विसरलेले नाही.

तो चौऱ्याऐंशीचा उन्हाळा. पाचव्या महिन्यात माझं पोट नवव्याएवढं झालं. पंधरा दिवसांत असं वाढलं की मला उताणं झोपता येईना, चार पावलं टाकली की धाप. तुम्हीच मला भोकरदनला डॉक्टरकडं नेलं. सोनोग्राफी वगैरे काही नव्हतंच तेव्हा. डॉक्टरांनी पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "जुळं दिसतंय. आणि पोटात पाणी लई झालंय." गोळ्या लिहून दिल्या, आराम करा म्हणाले, झालं.

घर आलं तसं म्हणालात, "पाणी लई झालंय म्हन्ले ना ते? मंग आपुन पाणीच कमी करू. रांजन भरला की आपुन वतायचं थांबतो का न्हाई?"

यात कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही. सासूबाई मान हलवून मोकळ्या झाल्या. आणि मी? मी डी.एड. झालेली, पोरांना सामान्य विज्ञान शिकवणारी बाई, मलाही ते बराबर वाटलं. म्हणजे चूक तुमची एकटीची नव्हती, अक्का. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कुठं आठवलं मला?

दिवसाला दोन तांबे पाणी. सकाळी एक, दुपार कलल्यावर एक. ताक बंद, आमटी बंद, पेज बंद. भाकरी, चटणी आणि फुटाणे. वैशाखाचं ऊन, पत्र्याचं घर. तुम्ही रांजणातून स्वतःच्या हातानं तांब्या भरून द्यायच्या आणि मी पीत असताना तोंड फिरवून उभ्या राहायच्या. आणि तुम्हीसुद्धा दोनच तांबे प्यायच्या. शेतात जाऊन, चुलीपुढं बसून, दोनच. मी म्हटलं, "अक्का, तुमच्या पोटात काय आहे? तुम्ही कशाला?" तर म्हणालात, "तू तहानलेली अन् म्या घटाघटा प्यावं? मला गोड लागंल का ते?" तुमचे ओठ माझ्याआधी फुटले. जिभेवर तूप लावून तुम्ही भाकरी खायच्या.

सातवा लागला आणि मी घरातच बाळंत झाले. दोन मुली. एक चांगली भरलेली, लालबुंद, अंगावर सूज असल्यासारखी. दुसरी तिच्या अर्धीसुद्धा नाही, पांढरीफटक, कातडी हाडाला चिकटलेली. ती गेलेलीच आली. लाल होती ती दुपारपर्यंत तुमच्या मांडीवर श्वास घेत होती, मग तीही थांबली. तुम्ही दोघींना एकाच धडुत्यात गुंडाळलं. "संगं आल्या, संगं जाऊ द्या," म्हणालात. मी रडले नाही. मला रडूच येईना.

पाचव्या दिवशी गावातल्या बायका भेटायला आल्या. पंधरा-वीस जणी ओसरीत बसल्या होत्या. दवाखान्याची नर्सबाईही आली होती. तिनं विचारलं, काय खात होतीस, काय पीत होतीस. सासूबाईंनी दोन तांब्यांचं सांगितलं. नर्सबाईनं कपाळावर हात मारला. "अगं माय! पाणी तोडलं? मंग लेकरं वाळतील न्हाई तर काय व्हईल!"

आणि मी सगळ्यांच्या देखत बोलले, "अक्कानं वाळवून मारल्या माझ्या पोरी."

तुम्ही चुलीपाशी माझ्यासाठीच शिरा हलवत होत्या. तुमचा हात थांबला. मग परत हलवायला लागलात, कारण तळाला लागला असता. शिरा ताटलीत घालून माझ्यापुढं आणून ठेवला. मी ताटली सरकवून दिली.

त्या वाक्याचं पुढं काय होईल याचा मी बिलकुल विचार केला नव्हता. रागात माणूस बोलतं आणि विसरतं. पण गाव विसरलं नाही. तुम्हाला लेकरांच्या आंघोळीची बोलावणी यायची थांबली. आधी वाटलं, बाळंतपणंच नसतील. मग कळलं, तिसऱ्या गल्लीत बाळ झालं आणि त्यांनी दुसऱ्या बाईला बोलावलं. डोहाळजेवणाचं बोलावणं घेऊन हळदी-कुंकवाची बाई आपल्या दारात यायची, माझ्या कपाळाला कुंकू लावायची आणि तुम्ही समोर उभ्या असताना म्हणायची, "तुम्ही या हं मास्तरीनबाई." तुम्ही आत जाऊन काहीतरी निवडायला घ्यायच्या. मी ते बघत होते. जाऊन चार घरी सांगता आलं असतं की मी रागात बोलले. नाही सांगितलं.

पुढं मला मुलगा झाला. बाळंतपण माहेरी केलं. सव्वा महिन्याचा घेऊन आले तर तुम्ही न्हाणीत पाणी तापवून, पाट मांडून, पदर बांधून तयार. मी म्हटलं, "राहू द्या. मी घालते." तुम्ही "बरं" म्हणालात आणि पाट भिंतीला उभा करून ठेवला. एवढंच. त्यानंतर तुम्ही माझ्या पोराला शाळेत सोडलं, त्याला उचक्या लागल्या तर पाठ चोळली, त्याच्या लग्नात कलवरीसारख्या नाचलात. आंघोळ मात्र कधी घातली नाही, आणि मी कधी घालायला सांगितलं नाही.

बाकी आपलं चांगलं चाललं होतं, ही तर गंमत. लोकांना सांगून खरं वाटणार नाही. माझी बदली जालन्याला झाली, तुमचा संतोष एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात लागला, तुम्ही त्याच्याकडं राहायला आलात, दोन गल्ल्या सोडून. रोज दुपारी तुमची हाक. "काय करून राह्यली गं मास्तरीन? का झोपली?" चहात साखर किती यावरून वाद, मालिकेतल्या सासूवरून वाद, माझ्या भाकरीच्या कडांवरून तर कायमचा वाद. "कडा अशा की जनू उंदरानं खाल्ल्या!" सगळं बोललो आपण. फक्त ते एक सोडून सगळं.

मग दोन वर्षांपूर्वी वर्षाचं झालं. तुमची सून, संतोषची बायको, पहिलटकरीण. सोनोग्राफीत जुळं दिसलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. पाचव्या महिन्यात तिचं पोट एकाएकी वाढलं. जालन्याच्या डॉक्टरीणबाई पडद्यावर बघून म्हणाल्या, "एका पिशवीत पाणी फार आहे आणि दुसरीत जवळजवळ नाहीच." पाणी हा शब्द ऐकला आणि तुम्ही खुर्चीचा हात घट्ट धरला. घरी येऊन तुम्ही जे सुरू केलं ते आठवलं की मला आजही हसू येतं आणि लगेच रडू येतं. पेल्यामागून पेला! पाणी, ताक, लिंबाचं सरबत, परत पाणी. वर्षा म्हणायची, "आत्या, बस करा ना, पोट फुटंल माझं." आणि तुम्ही पेला पुढं करून, "पी गं बाई. मी न्हाई म्हननार न्हाई. पी."

जालन्याहून औरंगाबादला पाठवलं, औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की याच्यावर पोटातच इलाज होतो, पण त्याला हैदराबादला जावं लागेल आणि जल्दी जावं लागेल. रेल्वेनं गेलो आपण चौघं. हैदराबादचं नाव ऐकून तुमचा चेहरा जरा खुलला होता. तुमच्या माहेरचे म्हातारे निजामाच्या वेळचे, त्यांच्याकडून शिकलेली तुमची ती हिंदी-उर्दू तिथं कुलीपासून नर्सपर्यंत सगळ्यांना कळत होती, आणि माझी शाळेतली शुद्ध हिंदी कुणाला कळत नव्हती.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन बाळं, दोन नाळा, पण त्या नाळा जिला जोडलेल्या असतात ती वार एकच. एकाच बीजाची जुळी असली की कधीकधी असं असतं. आणि त्या एका वारेवर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या. बहुतेक वेळा देवाणघेवाण सारखी चालते. कधी एकतर्फी होते. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडं जात राहतं. देणारं बाळ रोडावतं, पांढरं पडतं, त्याला लघवी होत नाही, आणि गर्भातलं पाणी म्हणजे पुष्कळसं बाळाची लघवीच, म्हणून त्याची पिशवी कोरडी पडते. घेणाऱ्याला रक्त जास्त होतं, ते लाल होतं, सुजतं, त्याच्या हृदयावर ताण येतो, आणि ते लघवी इतकी करतं की पाण्यानं पोट तट्ट होतं.

मी त्या कागदाकडं बघत राहिले. एक लाल, एक पांढरी.

इलाज असा की पोटाला बारीक छेद घेऊन, पेनातल्या रिफिलएवढी नळी आत घालायची. तिच्यात कॅमेरा आणि लेसरची तार. वारेवर त्या जोडलेल्या वाहिन्या शोधायच्या आणि लेसरनं एकेक भाजून बंद करायच्या. मग प्रत्येकाचं रक्त प्रत्येकाकडं. बाईला फक्त तेवढी जागा बधिर करतात, ती जागी असते. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही. दोन्ही वाचतील, एक वाचेल, किंवा ऑपरेशननंच दोन्ही जातील, यातलं काहीही होऊ शकतं. आणि काहीच केलं नाही तर दोन्ही जाणार हे जवळपास ठरलेलं.

बाहेरच्या बाकावर आपला वाद झाला. तुम्ही म्हणालात, "देवानं जोडलेलं तोडायला निघालो, अन् दोन्ही गेले म्हंजी?" मी म्हटलं, "बसून राहिलो तर दोन्ही जातायत, अक्का, ऐकलं ना?" संतोष कधी तुमच्याकडं बघे, कधी माझ्याकडं. मी चांगलीच तापले होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आपुन कामून भांडून राह्यलो? तिला इचारा. पोट तिचं हाय." आणि वर्षा म्हणाली, "करा." चौऱ्याऐंशीत मला असं कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला तेच आठवलं असेल का, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर तुम्ही वर्षाजवळ बसल्या असताना मी परत आत गेले. डॉक्टरांना माझ्या दोघींचं सांगितलं. लाल आणि पांढरी, वाढलेलं पोट, सगळं. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय शंभर टक्के कुणी सांगू शकणार नाही, पण बहुतेक हेच. मी विचारलं, पाणी तोडलं होतं, त्यानं झालं का? म्हणाल्या, नाही. पाणी तोडणं चूकच, त्यानं तुम्हाला त्रास झाला असेल, पण हा आजार त्यानं होत नाही. तेव्हा काही करता आलं असतं का? तर म्हणाल्या, तेव्हा हे ऑपरेशन जगात कुठंच होत नव्हतं.

मी बाहेर आले. तुम्ही विचारलंत, "काय म्हन्ल्या?" मी म्हटलं, "उद्या सकाळी ऑपरेशन."

एवढंच सांगितलं. तेवीस वर्षांनी मला कळलं होतं की तुमच्या हातून काहीही झालेलं नव्हतं, आणि मी तुम्हाला ऑपरेशनची वेळ सांगितली.

का, ते सांगते. हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. त्या उन्हाळ्यात मी पाणी चोरून प्यायचे. तुम्ही शेतात गेल्या की रांजणाचं झाकण सरकवून ओंजळी ओंजळीनं, दोन तांब्यांच्या वर आणखी तीन-चार तांबे तरी. आणि पोट रोज वाढत होतं. मला वाटायचं, माझ्या चोरीनंच वाढतंय. पोरी गेल्या त्या दिवशी माझी खात्री होती की माझ्या जिभेच्या चोचल्यानं मी त्यांना मारलं. मग नर्सबाई नेमकं उलटं बोलली, पाणी कमी पडलं म्हणून गेल्या. एका क्षणात मी सुटले. चोरून प्यालेलं कुणाला माहीत नव्हतं, दोन तांबे सगळ्यांना माहीत होते. माझ्या मानेवरचं जू काढलं आणि तुमच्या मानेवर ठेवलं, अक्का. ते वाक्य दुःखातून आलं असं सगळ्यांना वाटलं. ते भीतीतून आलं होतं. आणि हैदराबादला तुम्हाला खरं सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं. मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. वाहिन्या बंद केल्या, जादाचं पाणी काढलं. काचेच्या बरण्यांतून ते पाणी नर्स घेऊन गेली तेव्हा तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलात. आठवड्यानं तपासलं तर मोठ्या बाळाचं हृदय थांबलं होतं, ताण सोसला नव्हता त्याला. आणि जे वाळत चाललं होतं, त्याच्या पिशवीत पाणी दिसायला लागलं. एक जितं आणि एक गेलेलं, दोन्ही पोटात घेऊन वर्षा पुढं तीन महिने हिंडली. त्या तीन महिन्यांत तुम्ही तिच्यासमोर एकदाही डोळ्याला पदर लावला नाहीत. औरंगाबादला श्रेया झाली, दीड किलोची. गेलेल्या बाळालाही तुम्ही मागून घेतलंत, बघितलंत, कपाळावरून बोट फिरवलंत.

श्रेया घरी आली तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी आले तर बाथरूममध्ये ऊन पाण्याची बादली, पाट, तेलाची वाटी, सगळं मांडलेलं. तुम्ही दाराशी उभ्या. आणि पाटावर बसायला तुम्ही एक परकी बाई लावली होती. स्वतःची नात, आणि आंघोळीला लावलेली बाई! मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "माझं आता कंबरडं दुखतं गं." कंबर दुखणारी बाई सकाळी दोन मजले पाणी चढवत होती. तेव्हा बोलायचं होतं. फक्त "अक्का, तुम्हीच बसा" एवढे तीन शब्द. मी म्हटलं, "पाणी फार ऊन नाही ना?" थू माझ्या जिभेवर.

आणि मग दोन वर्षं उद्या, परवा, दिवाळी झाली की, असं करत गेली. तुम्ही आजारीसुद्धा पडला नाहीत, की जवळ बसून हात धरून बोलता आलं असतं. दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठल्याच नाहीत.

काल सकाळी, पिंपळगावच्या घरात, तेराव्याचा स्वयंपाक करताना मी वर्षाला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. ती पुऱ्या लाटायची थांबली. म्हणाली, "काकू, आत्याला माहीत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"ऑपरेशनच्या संध्याकाळी डॉक्टर मला बघायला आल्या होत्या ना, तेव्हा तुम्ही बाहेर गेल्त्या. आत्यानं त्यांना विचारलं, 'डॉक्टरसाब, पानी कम पिलाया तो बच्चा सूखता क्या?' त्या नाही म्हणाल्या. मग आत्या जरा थांबल्या, आणि विचारलं, 'और किसीने चोरी से पिया, तो पोट का पानी बढता क्या?' डॉक्टर म्हणाल्या, 'अम्मा, पीने का इसमें कुछ नहीं.' मग आत्या रडल्या, काकू. लई रडल्या. मी विचारलं, चोरून कोण प्यायलं? तर म्हणाल्या, 'तुझी काकू. रांजन रोज खाली जायचा, मला दिसत न्हवतं व्हय? म्या सकाळी काठोकाठ भरून ठेवायची अन् शेतात जायची. तहान काय सांगून थांबती का?'"

मी परात बाजूला सारली आणि तिला पुढचं विचारलं.

वर्षानं तुम्हाला म्हटलं होतं, आत्या, मग काकूला सांगा ना. तर तुम्ही म्हणालात, "न्हाई. तिची दोन लेकरं गेली, म्या नुसती बोलणी खाल्ली. अन् तिची ती बोलंल. म्या मागून घेऊन त्यात काय राम हाय?"

म्हणजे त्या दिवशी, वीस बायांत मी तुम्हाला पोरी मारणारी म्हणाले तेव्हा तुमच्याकडं उत्तर होतं. "ही चोरून पाणी प्यायची," एवढं म्हटलं असतं तर सगळं गाव माझ्याकडं वळलं असतं. तुम्ही शिरा हलवत राहिलात. तुम्ही मला पाणी चोरू दिलं, स्वतः मात्र दोन तांब्यांवर राहिलात, आणि पंचवीस वर्षं माझ्या बोलण्याची वाट बघितलीत. मला तुमचा राग आलाय, अक्का. खरंच आलाय. एवढं मोठं मन असू नये माणसाचं. समोरच्याला उभं राहायला जागा उरत नाही.

दुपारी पंगत उठली. बायका ओसरीत बसल्या होत्या, त्यांत त्या वेळच्या सात-आठ जणी होत्या, आता म्हाताऱ्या झालेल्या. श्रेया मधोमध खेळत होती. मागच्या घरातली थोरली, ती राखेवरून भांडणारी, श्रेयाच्या गालाला हात लावून शेजारणीला हळूच म्हणाली, "गयाबाईनं हिच्या न्हाऊला हात लावला न्हाई म्हनं. बरंच झालं की."

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "मावशी, जरा ऐका. सगळ्याच ऐका." आणि सांगितलं. एका वारेचं सांगितलं, एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडं कसं जातं ते शाळेत सांगते तसं सांगितलं, वर्षाच्या पोटात काय केलं ते सांगितलं. माझ्या पोरींनाही तेच होतं, अक्कांच्या हातून काही झालं नव्हतं, हे सांगितलं. मी पाणी चोरून प्यायचे आणि ते झाकायला मी त्यांचं नाव घेतलं, हेही सांगितलं. माझे हे दारात उभे राहून ऐकत होते. मग ती थोरली पदरानं तोंड पुसत म्हणाली, "अगं माय. अन् आम्ही तिला एक लेकरू घेऊ दिलं न्हाई गं." आणि मोठ्यानं रडायला लागली. तिच्यामागून बाकीच्या.

सगळं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, अक्का. तुम्ही असताना मी तुम्हाला तेवढी दिली नाहीत.